फोटो फाटू न देणारा माणूस

आमच्या दुकानाच्या काचेवर बप्पांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला होता. ‘व्हाट्सॲपवर आलेला फोटो मोठा करून मिळणार नाही. कारण विचारू नये.’ दुसरी ओळ वाचली की गिऱ्हाईक हटकून कारण विचारायचं. मग बप्पा खुर्ची फिरवून बसायचे आणि पुढचा अर्धा तास कारण सांगायचे. तेवढ्या वेळात मागचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलेलं असायचं.

तो कागद मी किती वेळा फाडला असेल! दुसऱ्या दिवशी सकाळी नवा चिकटवलेला. एकदा तर त्यांनी तो आतल्या बाजूनं चिकटपट्टीनं चारी कडांना बंद करून लावला, आणि वर मला म्हणाले, “ताई, बाहेरून कुणीतरी फाडतंय बगा.”

दुकान माझं. आष्टीत बसस्टँडपासून चालत जाण्यासारखं. फ्लेक्स, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो, ऑनलाईन फॉर्म, जे मिळेल ते काम. नवरा झेडपीच्या शाळेवर शिक्षक, त्यामुळं दुकानाचा सगळा कारभार माझ्या डोक्यावर. बप्पा माझ्याकडं कामाला होते. म्हणजे पगार मी द्यायची आणि बोलणीही मीच खायची. आता ते लेकीकडं नगरला असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण कॉम्प्युटरसमोर बसायला डॉक्टरांनी मनाई केलीय. त्या डॉक्टरांना बप्पांनी काय काय सुनावलं असेल, याची मला कल्पना आहे.

त्यांचं खरं नाव फक्त बँकेच्या पासबुकावर होतं. गाव त्यांना बप्पा म्हणायचं. उंच, मानेत वाकलेले, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग. पूर्वी बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. रीळ धुवायची अंधारी खोली, मागं काश्मीरचा पडदा, सगळं. घरोघर मोबाईल आले आणि स्टुडिओ बंद पडला. त्यानंतर एक दिवस ते माझ्या दुकानात आले. काम पाहिजे असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, “ताई, तुमच्या बोर्डावरच्या बाईचा फोटो फाटलाय. रोज जाता-येता दिसतो. मला बघवत न्हाई.” आणि विचारायच्या आत कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीतून त्यांना उठवणं मला पुढं कधी जमलं नाही.

फोटो फाटणं म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. लहान फोटो ताणून मोठा केला की त्यातले ठिपके सुटे सुटे दिसायला लागतात, नाकाच्या जागी विटा रचल्यासारखं दिसतं. एवढं साधं. पण बप्पांना ते साधं सांगता यायचं नाही. बप्पा भाकरीवर जायचे.

“घरी भाकरी करता ना?” ते गिऱ्हाईकाला विचारायचे. गिऱ्हाईक पुरुष असला तरी विचारायचे. “एका भाकरीचा गोळा घ्या. तेवढाच गोळा परातभर थापा म्हणलं तर काय व्हईल? भोकं पडतील. मग तुमी म्हणनार, मशीन खराब हाय. मशीन खराब न्हाई, पीठ कमी हाय. पीठ आना.”

पीठ म्हणजे मूळ फोटो. ज्या फोनमधून काढला त्याच फोनमधला, कुणी कुणाला न पाठवलेला. आणि पाठवायचाच असेल तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे तो आहे तसा येतो. ही गोष्ट त्यांनी अख्ख्या तालुक्याला शिकवली. भाजीवालीला शिकवली, एसटीच्या कंडक्टरला शिकवली. माझ्या सासूबाईंना त्यांनी ते इतक्यांदा सांगितलं, की त्या रोज सकाळी गुलाबाच्या फुलाचा सुप्रभातही डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लागल्या आणि घरातले सगळे वैतागले.

हाच फोटो इकडून तिकडं पाठवत, दर वेळी उघडून परत साठवत गेलो की बिघडत जातो, हे सांगायला त्यांच्याकडं ऊस होता. “चरकातनं एकदा काढला की रस. दुसऱ्यांदा घातला की थोडा. मग निस्तं चिपाड. तुमी मला चिपाड आनून देताय आन म्हनताय गिलास भर.”

आणि कुणी फोटो नुसता आडवा ताणून चौकटीत बसवा म्हटलं की संपलंच. “मानूस रुंद करायचा आसंल तर त्याला घरी जेवू घाला. हितं न्हाई व्हनार.”

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. दुकानात बसून रोज ऐकणाऱ्याला विचारा.

पोलीस भरतीचे फॉर्म सुटले की आमच्याकडं रांग लागते. फोटो अमुक केबीच्या आत, सही तमुक केबीच्या आत, नाहीतर साईट घेत नाही. कुठल्याही दुकानात मुलगा दोन बटणं दाबतो, फोटो चेपून लहान करतो, झालं. बप्पा आधी फोटो कापून योग्य मापात आणायचे, मग त्याची लांबी-रुंदी कमी करायचे, मग थोडा थोडा दाबत जायचे. दर खेपेला मूळ फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवून भिंगातून डोळे बघायचे. कुणाचे? जो पोरगा समोर घामाघूम होऊन उभा आहे त्याचे. फॉर्मचा शेवटचा दिवस, साईट गोल गोल फिरतेय, बाहेर पोरं एकमेकांना ढकलतायत, आणि बप्पा म्हणतायत, “थांब रे. डाव्या डोळ्यातली चमक गेली. परत करतो.”

“बप्पा, त्याला कॉन्स्टेबल व्हायचंय, नवरदेव नाही!” मी ओरडायची.

“उद्या हाच फोटो त्याच्या ओळखपत्रावर लागंल. जलमभर लोक म्हनतील, ह्यो कोन चोर?”

एवढं करून फॉर्म भरले जायचे, कुणाचा राहिला असं कधी झालं नाही. पण त्या दिवसांत माझं डोकं जे दुखायचं ते आठवडाभर उतरायचं नाही.

एकदा एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. त्याची चार-पाच पोरं दुकानात आली. चौकात लावायला भला मोठा बॅनर पाहिजे, उद्या सकाळी. फोटो कुठला, तर लग्नाच्या पंगतीत कुणीतरी काढलेला, व्हाट्सॲपवर दहा गावं फिरून आलेला. साहेब तिसऱ्या रांगेत, तोंडात घास.

बप्पांनी फोटो बघितला आणि विचारलं, “बॅनर लागनार कुठं?”

“चौकात.”

“लोक बघनार कुठनं?”

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बप्पा चप्पल घालून उठले आणि चौकात निघून गेले. लांबून बघायचा फ्लेक्स थोडा फाटला तरी चालतो, हे त्यांना मान्य होतं. म्हणून लांब म्हणजे किती लांब हे ते जातीनं बघायला गेले होते. दुकान भरलेलं, आणि आमचा माणूस चौकाच्या मधोमध उभा राहून एकदा पानटपरीकडून, एकदा बँकेकडून मान वर करून रिकाम्या आभाळाकडं बघतोय. टेम्पोवाले हॉर्न वाजवतायत. कुणीतरी मला येऊन सांगितलं, “तुमच्या बप्पाला काय झालं हो?”

ते परत आले. “पानटपरीवरनं बघितलं तर खपून जाईल. पर बँकेच्या दारातनं सायबाला देवी आल्यावानी दिसंल.”

“काय बे, दुसरा फोटो न्हाई का तुझ्याकडं?” एकजण दुसऱ्यावर खेकसला. दुसऱ्याकडं नव्हता. बप्पांनी तोडगा काढला. बॅनर मोठाच करायचा, नाव मोठं, शुभेच्छा मोठ्या, आणि साहेबांचा चेहरा त्या फोटोला झेपेल तेवढा. त्यांनी तसा करून स्क्रीनवर दाखवला. एवढ्या मोठ्या बॅनरवर साहेब ताटलीएवढे.

पोरं समोरच्या दुकानात गेली. तिथं त्यांना पाहिजे तसा बॅनर मिळाला. सकाळी चौकात साहेबांच्या गालावर खरोखरच चौकोन चौकोन दिसत होते आणि बँकेच्या दारात उभं राहून लोक हसत होते. बप्पांचंच खरं झालं. पण त्यानं आम्हाला काय मिळालं? त्या पोरांना राग आला तो आमच्यावर. ती पुन्हा आमची पायरी चढली नाहीत. बप्पांचं खरं होणं मला नेहमी असंच महागात पडायचं.

पण मला सांगायचंय ते आशाबद्दल.

आशा शिरूर कासारकडची. लग्न होऊन आष्टीजवळच्या एका वस्तीवर दिलेली. आई-वडील दर हंगामाला ऊस तोडायला जायचे. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गावी परत आल्यावर आईला ताप भरला आणि चार दिवसांत ती गेली. वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं, आणि घरात आईचा भिंतीवर लावण्यासारखा एक फोटो नव्हता.

“आधार कार्डावरचा आहे की,” मी म्हटलं.

“त्यात भूत दिसती ओ ताई. पोरं भेत्यात.” आशानं फोन पुढं केला. “ह्यो एकच हाय.”

कारखान्यावर पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या दिवशी काढलेला टोळीचा फोटो होता. बायका-माणसं ओळीनं उभी, मागं उसाची गाडी. आई मागच्या रांगेत. तिचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा.

बप्पा जेवायला घरी गेले होते. मनात म्हटलं, बरं झालं. माझ्या फोनमध्ये एक ॲप होतं. अंधुक फोटो टाकला की एआय त्याचा स्वच्छ, मोठा फोटो करून देतं. मी तो चेहरा कापून त्यात टाकला. थोडा वेळ गोल फिरलं आणि स्क्रीनवर एक बाई आली. लख्ख. भुवयांचा केस न् केस दिसत होता. गाल तुकतुकीत, ओठांवर मंद हसू. मलाच आश्चर्य वाटलं.

आशानं फोन दोन्ही हातांनी धरला. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, “आई लई छान दिसती ओ.”

नेमके तेव्हा बप्पा आले. आशाच्या खांद्यावरून वाकले, खिशातून भिंग काढलं, आधी मोठा फोटो बघितला, मग टोळीचा फोटो मागून घेऊन तो बघितला.

“ही तुमची आई न्हाई,” ते म्हणाले.

मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं. पायही दाबला असता, पण मध्ये काउंटर होता.

“कावून न्हाई?” आशानं विचारलं.

“ह्या फोटूत तुमच्या आईच्या तोंडाला चार ठिपके हायेत. मोजा पायजे तर. चार ठिपक्यात हसू कुठनं आलं? मशीननं लाखो बायका बघितल्यात, त्यातनं एक हसरी बाई उचलून हितं ठिवलीय.”

“तुमी बघितली व्हती का माजी आई?” आशाचा आवाज चढला.

“न्हाई.”

“मग?”

“म्हणून तर. ह्या मशीननं बी बघितली न्हाई.”

आशा रडायला लागली. फोन माझ्या हातात देऊन उठली. मी बप्पांवर भयंकर चिडले. माणसाला कुठं काय बोलावं? आईवाचूनची पोर, तिला दोन मिनिटं आनंद झाला होता, तेवढा तरी राहू द्यावा. बप्पांना मात्र एवढंच विचारायचं होतं, “ह्यो टोळीचा फोटू कुनाच्या फोनमधी काढला?”

“जनाबाईच्या,” आशा दारातून म्हणाली. “कडा गावाकडची हाय. आईची जोडीदारीन. परवा मी बाबाला घिऊन येते. बाबाच सांगंल कंचा फोटू लावायचा.” आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते तर बप्पा लॅपटॉपची बॅग छातीशी धरून पायरीवर बसलेले. “ताई, गाडी काढा. कड्याला जायचं.”

“मी नाही येणार. आज तीन लग्नांच्या पत्रिका द्यायच्यात.”

“मग मी एसटीनं जातो. पर माझ्या डोळ्याला गाडीवरची पाटी दिसत न्हाई. कुठंबी जाईन.”

हा माणूस खरंच उलट्या दिशेला जामखेडला जाऊन पोचला असता. मी शटर परत खाली ओढलं आणि स्कूटी काढली. सगळ्या रस्त्यात बप्पा मागं बसून बॅनर बघत होते. “डावीकडं बघू नका ताई, त्यो फोटू बघन्यासारखा न्हाई.” “ह्यो बरा हाय.” “ह्याला कुनी ताणला?” ऊन वाढत होतं, रस्त्याला खड्डे होते, आणि माझ्या कानाशी हे चालू.

जनाबाईचं घर कड्याच्या बाहेरच्या वस्तीत सापडलं. ती ओट्यावर मिरच्यांची देठं काढत बसली होती. आम्ही कोण, कशाला आलो, हे सांगितल्यावर ती हात झटकून उठली आणि आतून एक फोन घेऊन आली. काच पार फुटलेली, मागचं झाकण रबरानं बांधलेलं.

“बंद हाय त्यो कवाचा,” ती म्हणाली. “पोरानं दुसरा घिऊन दिला. पर ह्यात माझ्या पोरीच्या लग्नाचे फोटू हायेत, म्हणून टाकला न्हाई.”

बप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी रबर काढलं, जनाबाईकडून सुई मागून घेतली आणि फोनच्या पोटातून नखाएवढं कार्ड बाहेर काढलं. जनाबाई घाबरली. “ओ, लग्नाचे फोटू जातील!”

“काय जात न्हाई. तुमच्या डोळ्यासमोर बघतो आन परत घालतो.”

कार्ड लॅपटॉपला लावलं. पोरीचं लग्न, शेळी, बैल, कुठलं तरी देऊळ, असं सगळं सरकत गेलं. मग टोळीचा फोटो आला. मूळचा. बप्पांनी मागच्या रांगेत बोट ठेवून तो मोठा करत नेला, आणि माझा राग असूनही मी पुढं वाकले. तुरीच्या दाण्यातून एक बाई उमटत आली. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. भुवईच्या वर एक जुना वण. उन्हानं काळवंडलेले गाल, फुटलेले ओठ. आणि कपाळाला आठी घालून ती समोर बघत होती, आत्ता उठून शिवी देईल अशी.

जनाबाईनं तोंडाला पदर लावला. मग हसली. “हीच बगा! अशीच बघायची. म्या म्हणलं, कौसे, तोंडावरचा पदर काढ की, फोटू काढते. तर म्हनली, कामाच्या टायमाला फोटू कसला काढती गं रांडे? लई तापट. पर माझ्या पायात कोयता लागला तवा चार दिस माझी बी मोळी हिनंच बांधली. एक शबूद न बोलता.”

बप्पांनी कार्ड परत घातलं, झाकण बसवलं, रबर लावलं. जनाबाईच्या पोरीच्या लग्नाचे फोटो त्यांनी तिच्या नव्या फोनमध्येही टाकून दिले, आणि ते करताना डॉक्युमेंटचं पुराण तिलाही ऐकवलं. आम्ही आष्टीला परत आलो तेव्हा लग्नपत्रिकावाले शटरला टेकून उभे होते. मी त्यांची माफी मागत होते आणि बप्पा आत जाऊन बसलेसुद्धा.

तो चेहरा झेपेल तेवढाच त्यांनी मोठा केला. टप्प्याटप्प्यानं, दर टप्प्याला भिंग लावून. वहीच्या पानाएवढाही झाला नाही, त्याच्या निम्मा. पण काय छापला होता! फुटलेल्या ओठावरची साल दिसत होती. बप्पा उरलेला दिवसभर त्या प्रिंटकडं येऊन बघून जात होते, घरात पोर झाल्यासारखे. मी मात्र ॲपमधला हसरा फोटोही मोठा छापून ठेवला. बप्पांना सांगून ठेवला.

म्हटल्याप्रमाणं तिसऱ्या दिवशी आशा वडिलांना घेऊन आली. बारीक अंगाचे, धोतर, टोपी. खांदे पुढं आलेले. बप्पांनी काउंटर पुसून दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले.

आशानं आठी घातलेला फोटो बघितला आणि तिच्या तोंडून “आई गं” एवढंच निघालं. बप्पांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी ओळखून होते. चौकातून परत आले तेव्हा होती तीच.

आशाचे वडील पुढं आले. त्यांनी लहान फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला, खाली ठेवला. मग मोठा उचलला. तो बराच वेळ हातात धरला. शेवटी म्हणाले, “भितीवर ह्यो लावू.”

हातात हसरा होता.

“आवो, ती तुमची बायको न्हाई!” बप्पा उठूनच उभे राहिले. “मशीननं केल्याली बाई हाय ती. खरी ही हाय. आमी कड्याला जाऊन आनलीय.”

“म्हाईत हाय मला,” ते शांतपणे म्हणाले. “मी तिच्यासंगं जलम काढला, मला कळत न्हाई का? ह्या बारक्या फोटूत हाय ती, तशीच दिसायची ती. रोज.” त्यांनी हसऱ्या फोटोवरून अंगठा फिरवला. “आन अशी कवाच दिसली न्हाई. दिसाया पायजे व्हती.”

बप्पा उभेच राहिले. बाहेर कुणीतरी झेरॉक्स निघेल का म्हणून विचारलं, त्याला मी हातानंच थांबवलं. बप्पांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं, असा दिवस आला तर मला फार बरं वाटेल.

थोड्या वेळानं ते खाली बसले आणि म्हणाले, “पाव्हनं, हिकडं या. खुर्ची घ्या. हिच्या हनुवटीवर गोंदन न्हाई. तेवढं तरी घालू द्या मला.”

वडील त्यांच्या शेजारी बसले. बप्पांनी हसरा फोटो स्क्रीनवर उघडला. ज्या माणसानं फाईलमध्ये नसलेला एक ठिपका कधी कुणाच्या तोंडावर काढला नव्हता, तो माणूस कड्याहून आणलेल्या फोटोतून गोंदणाचे ठिपके एकेक उचलून दुसऱ्या बाईच्या हनुवटीवर ठेवायला लागला.

“जरा खाली,” वडील म्हणाले. “मधला ठिपका थोडा वाकडा व्हता. हां.”

मग त्यांनीच बोट दाखवलं. “भुवईवर वण पायजे. बैलानं शिंग मारलं व्हतं, लगीन व्हऊन आली तवा.” बप्पांनी वण आणला. “गाल एवढा गोरा नको.” बप्पांनी गाल उन्हात नेला. “कानाची पाळी फाटल्याली व्हती, डोरलं गहाण पडलं तवा तिनं कानातलं बी रागानं उपसून काढलं व्हतं.” बप्पांनी भिंग लावून कानाची पाळी केली. आशा मागं उभी राहून बघत होती. मधेच म्हणाली, “बाबा, डाव्या कानाची.” वडिलांनी विचार केला. “व्हय. डाव्या.”

लग्नपत्रिकांचं काम त्या दिवशीही राहिलं. मी घड्याळाकडं बघितलंही नाही.

सगळं झाल्यावर बप्पांनी माउस कपाळावर नेला आणि थांबले. “आन ही आठी?”

वडील स्क्रीनकडं बघत राहिले. त्या बाईला आता गोंदण होतं, वण होता, फाटकी पाळी होती, आणि ती हसत होती.

“आठी नगं,” ते म्हणाले. “भितीवर तरी तिला कसला ताप नगं.”

बप्पांनी माउस बाजूला घेतला. फोटो छापला. आशानं तो वर्तमानपत्रात गुंडाळला. निघताना वडिलांनी काउंटरवरचा लहान फोटो उचलला, आठीवाला, आणि बंडीच्या आतल्या खिशात सरळ उभा ठेवला, दुमडू नये म्हणून.

“ह्यो माझ्यापाशी,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही.

ते गेल्यावर बप्पा खुर्चीत तसेच बसून होते. भिंग हातात, दोरा बोटाला गुंडाळलेला. मी पत्रिकांचे गठ्ठे बाहेर काढायला लागले.

“ताई,” ते म्हणाले, “मी चुकलो का?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. विचारला असता तर माझ्याकडं उत्तरांची थप्पी तयार होती. पोलीस भरतीचं उत्तर, चौकातलं उत्तर, आशाच्या डोळ्यातल्या पाण्याचं उत्तर. आणि आता त्यातलं एकही देता येईना, कारण कड्याला गेलो नसतो तर गोंदण कुठून आलं असतं?

“अर्धे चुकलात, बप्पा,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी. मी चहा सांगायला दारापर्यंत गेले, तेवढ्यात मागून आवाज आला.

“कंचा अर्धा?”